साखर उतरलेला रुग्ण : कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

हा लेख सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि लहान खासगी दवाखाने येथे पहिल्यांदाच रात्रपाळीला उभे राहणाऱ्या इंटर्न, वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांसाठी आहे. रक्तातील साखर उतरणे हा विषय अभ्यासक्रमात थोडक्यात उरकला जातो आणि त्यावरचे औषध कपाटातल्या सर्वांत स्वस्त बाटल्यांपैकी एक असते. तरीही प्रत्यक्षात गोंधळ होतो, आणि तो ठरावीक दोन जागी होतो. पहिली जागा म्हणजे रुग्ण दुसऱ्याच आजाराच्या रूपात दारात येतो. दुसरी म्हणजे डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचे ग्लुकोजचे द्रावण) दिल्यावर रुग्ण डोळे उघडून बोलू लागतो आणि काम संपले असे सगळ्यांना वाटते. माझ्या मते दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक घातक आहे, कारण पहिल्या वेळी रुग्ण किमान रुग्णालयात तरी असतो. दुसऱ्यांदा साखर उतरते तेव्हा तो घरी झोपलेला असतो. खाली दिलेली मात्रा सर्वसाधारण प्रौढ रुग्णासाठी आहे. तुमच्या रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती आणि वरिष्ठांचा आदेश असेल तेथे तो आधी पाळावा.

१. पाळी सुरू होताच ट्रॉली पाहून घ्या

रुग्ण आल्यावर साखर तपासायची स्ट्रिप शोधण्यात जाणारी पाच मिनिटे सर्वांत महाग पडतात. म्हणून हजेरी घेतानाच पुढील वस्तू जागेवर आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

- चालू स्थितीतील ग्लुकोमीटर, मुदतीतील स्ट्रिप आणि लॅन्सेट
- २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मि.लि. बाटल्या, १० टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मि.लि. बाटल्या आणि असल्यास ५० टक्क्यांचे
- ग्लुकोज पावडरचा डबा, स्वच्छ चमचा आणि पेला
- १८ व २० नंबरच्या इंट्राकॅथ, ५० मि.लि. सिरिंज, नाकातून घालायची रायल्स ट्यूब
- थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) ही इंजेक्शने
- मिळत असल्यास ग्लुकॅगॉन. ऑक्ट्रिओटाइड (इन्सुलिन सुटणे रोखणारे औषध) आपल्याकडे नसेल तर ते जवळच्या कोणत्या औषध दुकानात मिळते याची आधीच केलेली चौकशी

स्ट्रिपची बाटली झाकण उघडे ठेवून ट्रॉलीवर पडलेली असणे हे फार नेहमीचे दृश्य आहे. पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तेथे अशा स्ट्रिप दमट होऊन चुकीचे आकडे दाखवू लागतात. बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहावी आणि उघडल्यानंतर ती किती दिवस वापरायची, हे उत्पादकाने दिलेल्या सूचनेवरून ठरवावे.

२. कोणाची साखर तपासायची

ज्याची शुद्ध, बोलणे, चालणे किंवा वागणे बिघडले आहे अशा प्रत्येक रुग्णाची. या वाक्याला अपवाद ठेवू नये. श्वासमार्ग मोकळा आहे, श्वास चालू आहे, नाडी लागते आहे, एवढे पाहिले की पुढची गोष्ट बोटाला टोचणे हीच असावी. मधुमेह आहे का, हे विचारत बसू नये. पुष्कळदा नातेवाइकांना ते ठाऊक नसते, आणि मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर उतरते. याखेरीज फिट आलेले, अपघातात सापडलेले, जंतुसंसर्गाने अत्यवस्थ झालेले, कावीळ किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले, विषबाधेचे आणि मलूल पडलेली सर्व लहान मुले यांचीही साखर पाहावी.

आकड्यांचा हिशेब असा आहे. दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की सावध व्हावे आणि उपचार सुरू करावा. ५४ च्या खाली मेंदूचे काम बिघडू लागते. रुग्णाला सावरायला दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल, तर आकडा कोणताही असो, तो प्रसंग गंभीर समजावा. लक्षणे असणे, त्याच वेळी साखर कमी सापडणे आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे ही व्हिपल यांची त्रिसूत्री होय, आणि मधुमेह नसलेल्या रुग्णात निदान पक्के करायला ती फार उपयोगी पडते. उलट, ज्यांची साखर महिनोन्‌महिने ३०० च्या पुढे राहिलेली आहे, त्यांना ९०-१०० ला आल्यावरही घाम आणि थरथर जाणवू शकते. तेव्हा आकडा बरा आहे म्हणून त्यांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये.

३. रक्त घेताना आणि आकडा वाचताना

बोट साबणपाण्याने धुऊन पुसावे. स्पिरिट लावले तर ते पूर्ण वाळू द्यावे. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचावे, आणि बोट जोराने पिळू नये. हात धुण्याचा आग्रह आपल्या भागात विशेष आहे, कारण नातेवाइकांनी वाटेतच रुग्णाला साखर, गूळ किंवा रस भरवण्याचा प्रयत्न केलेला असतो. गुऱ्हाळावरून थेट आणलेल्या माणसाच्या बोटाच्या रेषांमध्ये काकवी वाळून बसलेली असते. त्या बोटाचे रक्त घेतले, तर आत ४० असताना यंत्र १८० दाखवू शकते आणि तुम्ही निश्चिंत होऊन सी.टी. स्कॅनचा कागद लिहू लागता.

रुग्ण थंडगार पडला असेल, रक्तदाब लागत नसेल, तर बोटाच्या रक्तावर विसंबू नये. शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी करावी. रक्त फार कमी असलेल्या रुग्णात ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे. पडद्यावर आकड्याऐवजी 'लो' आले, तर यंत्राला मोजता येण्याजोग्या सर्वांत खालच्या पातळीच्याही खाली साखर आहे. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून दुसरे यंत्र शोधायला वॉर्डात माणूस पाठवू नये; उपचार सुरू करून मग पुन्हा तपासावे. आकडा ३.१ असा दशांशात दिसला, तर कोणीतरी यंत्राचे एकक बदलले आहे. त्या आकड्याला १८ ने गुणावे, म्हणजे साधारण ५६ येते.

४. सोंगे ओळखणे

साखर उतरू लागली की शरीर आधी आरडाओरड करते: दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक. त्यानंतर मेंदूला साखर कमी पडते आणि मग बोलणे अडखळणे, चिडचिड, असंबद्ध बडबड, डोळ्यांपुढे अंधारी, फिट आणि बेशुद्धी असा क्रम लागतो. पुस्तकातला हा क्रम तरुण रुग्णात बऱ्यापैकी दिसतो. ज्यांच्यामुळे फसगत होते ते रुग्ण वेगळे असतात.

'दारू प्यायलाय, पडू द्या त्याला.' हे वाक्य पोलीस, शेजारी आणि कधी कधी आपलेच कर्मचारीही म्हणतात. दारू यकृताची नवी साखर तयार करण्याची प्रक्रिया अडवते. दोन दिवस धड जेवण नाही आणि वर दारू, असा माणूस खरोखरच साखर उतरून बेशुद्ध होऊ शकतो. तोंडाला येणारा वास हे निदान नव्हे. नशा उतरेल म्हणून कोपऱ्यातल्या बाकावर झोपवलेल्या रुग्णाची साखर तपासली का, हा प्रश्न पाळी बदलताना प्रत्येकाने विचारावा.

'अंगावरून वारं गेलं.' साखर फार उतरली की एका बाजूचा हातपाय लुळा पडू शकतो, तोंड वाकडे होऊ शकते, वाचा जाऊ शकते. आणि साखर दिल्यावर हे सारे काही मिनिटांत पूर्ववत होते. म्हणूनच पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध देण्यापूर्वी साखर तपासणे बंधनकारक मानले जाते. पक्षाघाताची वेळ निघून जाऊ नये म्हणून गाडी मिरजेकडे किंवा कराडकडे पिटाळण्याची घाई होते आणि ती योग्यच आहे, पण बोटाला टोचायला लागणारे अर्धे मिनिट त्या घाईत बसते.

'बाहेरचं काहीतरी आहे.' पहाटे उठून शिव्या देणारी, कपडे ओढणारी, कोणालाच न ओळखणारी व्यक्ती आधी देवऋषाकडे जाऊन मग आपल्याकडे येते. अशा कुटुंबाशी वाद घालू नये. 'आजींच्या रक्तातली साखर कमी झाली होती, म्हणून त्या तसं बोलत होत्या, आता साखर दिली आहे,' एवढे शांतपणे सांगून त्यांच्यादेखत दुसरा आकडा दाखवला, की पुढच्या वेळी ते थेट तुमच्याकडे येतात.

'आबा सकाळपासनं नुसतं झोपूनच आहेत.' वयोवृद्धांमध्ये घाम आणि थरथर पुष्कळदा नसतेच. सुस्ती, अडखळणे किंवा पडणे एवढेच दिसते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशा गोळ्या चालू असतील, तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. म्हणून अशा रुग्णाचे कपाळ नुसते पाहू नये, सदऱ्याखाली पाठीला हात लावून पाहावा. मधुमेह फार जुना असला किंवा साखर वारंवार उतरत असली, तर शरीराची ही आरडाओरड मुळातच बंद पडते आणि रुग्ण बोलता बोलता बेशुद्ध होतो.

अपघाताचा रुग्ण. महामार्गावर किंवा खंबाटकी घाटात दुचाकी घसरून आलेल्या माणसाची जखम डोळ्यांत भरते आणि सारे टाक्यांच्या तयारीला लागतात. डोक्याला मार आहे म्हणून तो गोंधळलेला आहे, की साखर उतरून गोंधळल्यामुळे तो पडला, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे साखर कमी सापडली म्हणून डोक्याची तपासणी टाळू नये.

आपल्या भागातले काही हंगामही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. गाळप हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड मजूर पहाटे अंधारात फडात उतरतात. गावच्या दवाखान्यातून आणलेली गोळी उठल्याबरोबर घेतली जाते आणि भाकरी मात्र गाडी भरल्यावर. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते, तेव्हा एरवी ओट्यावर बसणारी वृद्ध मंडळी दिवसभर चालतात आणि गोळीची मात्रा मात्र घरच्याइतकीच घेतात. एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्रातील उपवासांत साबुदाणा खाणाऱ्यांपेक्षा नुसत्या पाण्यावर राहून गोळी न चुकवणाऱ्यांचे हाल होतात. म्हणून अशा दिवसांत 'आज काही खाल्लं का?' या प्रश्नाबरोबर 'आज गोळी घेतली का?' हा प्रश्न जोडूनच विचारावा.

५. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर

१५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर तोंडाने द्यावी. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून, अथवा साधारण १५० मि.लि. फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. ७० च्या वर नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. आकडा वर आल्यावर भाकरी, चपाती, भात असे काहीतरी खायला द्यावे, नाहीतर तासाभरात साखर पुन्हा घसरते. पेढा, चॉकलेट, क्रीमची बिस्किटे यांतील स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते, म्हणून ती पहिला उपाय म्हणून देऊ नयेत. घरातून आलेला चहा बिनसाखरेचा तर नाही ना, हेही विचारावे. मधुमेह्याच्या घरी तो तसाच असतो आणि 'चहा पाजला तरी फरक नाही' ही तक्रार खरी असते.

एक बारकावा औषधाचा आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असलेल्या रुग्णात साधी साखर, गूळ किंवा उसाचा रस लवकर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधे साखरेचे विघटनच लांबवतात. अशा रुग्णाला ग्लुकोज पावडरच द्यावी. व्होग्लिबोज आपल्याकडे जेवणाआधीच्या गोळीत ग्लिमेपिराइडबरोबर एकत्र करूनही विकले जाते, त्यामुळे स्ट्रिपमागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय ते कळत नाही.

६. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर

तोंडात काहीही घालू नये आणि नातेवाइकांनाही घालू देऊ नये. प्रेमापोटी ओतलेले साखरपाणी फुप्फुसात जाते आणि एका सोप्या आजाराचा न्यूमोनिया होतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून तोंड साफ करावे, शीर घ्यावी, आणि शीर घेतानाच प्रयोगशाळेसाठी रक्ताचा नमुना काढून ठेवावा. नमुन्यासाठी उपचार थांबवू मात्र नये.

प्रौढ रुग्णाला २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज शिरेतून द्यायचे आहे. ते तीन प्रकारे देता येते: २५ टक्क्यांचे १०० मि.लि., ५० टक्क्यांचे ५० मि.लि., किंवा १० टक्क्यांचे २५० मि.लि. तिन्हींत साखर तेवढीच असते. माझी पसंती १० टक्क्यांना आहे, विशेषतः शीर बारीक असेल तेव्हा. ते १० ते १५ मिनिटांत जाते, शीर जळत नाही आणि साखर एकदम उसळत नाही. ५० टक्के डेक्स्ट्रोज पाकासारखे दाट असते. ते शिरेबाहेर गेले तर कातडी आणि खालचे मांस मरू शकते, म्हणून आधी सलाईन सोडून शीर चालू असल्याची खात्री करावी, मोठी शीर निवडावी आणि हळूहळू द्यावे. १० टक्के तयार नसेल, तर २५ टक्क्यांचे १०० मि.लि. अधिक १५० मि.लि. निर्जंतुक पाणी मिळून २५० मि.लि. होते.

येथे एक सापळा आहे. 'सलाईन लावलंय' म्हणजे साखर लावली असे नव्हे. नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेट यांत ग्लुकोज नसते. ५ टक्क्यांच्या ५०० मि.लि. बाटलीत २५ ग्रॅम साखर असते हे खरे, पण ती बाटली संथ गतीने दोन तास चालू राहिली, तर तेवढा वेळ मेंदू उपाशीच राहतो. बाटलीवरचे लेबल स्वतः वाचावे.

रुग्णाला दारूचे व्यसन असेल किंवा तो फार कुपोषित असेल, तर थायमिन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यावे. पण थायमिन शोधण्यासाठी डेक्स्ट्रोज रोखू नये. १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि ७० च्या खाली असल्यास मात्रा पुन्हा द्यावी. पुष्कळ रुग्ण सुई काढण्याआधीच डोळे उघडतात. साखर चांगली वर येऊनही अर्ध्या तासात शुद्ध येत नसेल, तर डोक्याची इजा, पक्षाघात, मेंदूज्वर, दुसरे एखादे विष, किंवा फार वेळ साखर उतरलेली राहिल्याने मेंदूला झालेली इजा यांचा विचार करून रुग्ण पुढे हलवण्याची तयारी करावी.

७. शीर सापडत नसेल तर

ग्लुकॅगॉन असल्यास प्रौढाला १ मिलिग्रॅम, आणि २५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम स्नायूत द्यावे. त्याचा परिणाम दिसायला १० ते १५ मिनिटे लागतात आणि उलटी होऊ शकते. यकृतातला साखरेचा साठा मोकळा करून ते काम करते. म्हणून उपाशी, दारूग्रस्त किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णात ते निष्फळ ठरते. ग्रामीण भागात ते बहुधा नसतेच. तेव्हा हाडात सुई घालण्याचे साधन आणि कौशल्य असल्यास तो मार्ग, नाहीतर श्वासमार्ग सुरक्षित ठेवून रायल्स ट्यूबमधून ग्लुकोजचे पाणी, हे पर्याय उरतात. ट्यूब पोटातच आहे, याची खात्री आधी करावी. डेक्स्ट्रोज स्नायूत कधीही टोचू नये.

८. लहान मुले

नवजात बाळाला १० टक्के डेक्स्ट्रोज दर किलोला २ मि.लि.; त्याहून मोठ्या अत्यवस्थ मुलाला १० टक्के दर किलोला ५ मि.लि. ५० टक्के मुलांसाठी वापरू नये. तीव्र कुपोषित मुलात ५४ ही सीमा धरतात. ते शुद्धीवर असेल तर १० टक्के ग्लुकोजचे किंवा साखरेचे ५० मि.लि. पाणी तोंडाने किंवा ट्यूबने द्यावे आणि लगेच आहार सुरू करावा. बेशुद्ध मुलाला शीर मिळत नसेल तर चमचाभर साखर पाण्याच्या एक-दोन थेंबांनी ओलसर करून जिभेखाली ठेवण्याचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला आहे; तोंडात काही न घालण्याच्या वरील नियमाला हा अपवाद आहे. गिळून टाकली तर ती पुन्हा ठेवावी लागते. मधुमेह नसलेल्या, खेळत्या मुलाची साखर अचानक उतरली असेल तर आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा कोठे असतो, हे विचारावे. एक गोळीही लहान मुलाला पुरेशी असते आणि तिचा परिणाम कित्येक तासांनी दिसू शकतो, त्यामुळे असे मूल बरे दिसले तरी दाखल करावे.

९. साखर का उतरली

रुग्ण बोलू लागला की खरे काम सुरू होते. नातेवाइकांपैकी एकाला घरी पाठवून, अथवा फोनवर छायाचित्रे मागवून, पुढील गोष्टी गोळा कराव्यात.

- सर्व औषधांच्या स्ट्रिप, रिकाम्या झालेल्यासुद्धा
- इन्सुलिनची बाटली किंवा पेन, आणि त्याबरोबर वापरलेली सिरिंज
- जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल
- वैदूकडील किंवा मेडिकलमधून आणलेल्या पुड्या आणि चूर्णे

सूनबाई प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करतात, तेव्हा तिच्यातून निघणाऱ्या स्ट्रिपचे घटक एकेक करून वाचावेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या रंगांची नावे, आणि मागे दोन्हींवर ग्लिमेपिराइडच, हा प्रकार सर्रास आढळतो. एक गोळी तालुक्याच्या डॉक्टरांची आणि दुसरी मुलाने पुण्याहून पाठवलेली असते. आजी दोन्ही इमानेइतबारे घेतात.

इन्सुलिनच्या बाबतीत सिरिंज पाहणे अनिवार्य आहे. आपल्याकडे १ मि.लि.मध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्या आणि १०० युनिट असलेली इन्सुलिने, दोन्ही मिळतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० युनिटवाले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने 'वीस'च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला प्रत्यक्षात ५० युनिट मिळतात. सिरिंज हातात घेऊन 'किती ओढता ते दाखवा' असे म्हणावे. तोंडी उत्तरावर थांबू नये.

मूत्रपिंड कमजोर झाले की इन्सुलिन आणि गोळ्या दोन्ही शरीरात रेंगाळतात. वर्षानुवर्षे चालू असलेली तीच मात्रा अचानक जास्त होऊ लागली असेल, तर क्रिएटिनिन तपासावे. 'आता गोळी कमी लागते, मधुमेह बरा होत चाललाय' असे आनंदाने सांगणाऱ्या वृद्धाकडे मी नेहमी संशयाने पाहतो.

मधुमेहच नसेल तर जंतुसंसर्ग, यकृताचा आजार, दारू, उपासमार, तीव्र हिवताप आणि त्यावरील क्विनीन यांचा विचार करावा. अंगदुखीसाठी पुड्या घेणाऱ्या आणि त्या एकाएकी बंद केलेल्या रुग्णाचा रक्तदाबही कमी असेल, तर त्या पुडीत स्टेरॉइड असल्याची आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी थकल्याची शक्यता असते; वरिष्ठांच्या सल्ल्याने हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यावे. मुद्दाम जास्त गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्याचा संशय असल्यास वैद्यकीय-न्यायिक नोंद करावी, रुग्णाशी एकांतात बोलावे, त्याला एकटे सोडू नये, आणि घरच्यांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

१०. दुसऱ्यांदा उतरणारी साखर

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातील गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. तुम्ही डेक्स्ट्रोज दिले की साखर वर जाते, आणि वर गेलेली साखर पाहून तेच स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. गोळीचा अंमल २४ तास आणि मूत्रपिंड बिघडलेले असल्यास त्याहून अधिक टिकतो. म्हणून या गोळ्यांमुळे साखर उतरलेला रुग्ण किती का छान गप्पा मारू लागेना, त्याला किमान २४ तास दाखल ठेवावे. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनच्या रुग्णालाही हाच नियम लावावा. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा उतरत नाही. तसे घडले तर दुसरे कारण शोधावे.

पहिल्या मात्रेनंतर १० टक्के डेक्स्ट्रोज तासाला साधारण १०० मि.लि. गतीने सुरू ठेवून आकड्यांनुसार गती बदलावी. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यास पाण्याचा हिशेब वरिष्ठांना विचारून ठरवावा. साखर स्थिर होईपर्यंत दर १५ मिनिटांनी, नंतर दर तासाला, आणि रात्री तर न चुकता तपासावी. झोपलेला रुग्ण आणि बेशुद्ध होत चाललेला रुग्ण लांबून सारखेच दिसतात. जेवण तोंडाने सुरू करावे. बाटल्या बदलूनही साखर वारंवार उतरत असेल आणि कारण वरील गटातली गोळी असेल, तर ऑक्ट्रिओटाइड ५० ते १०० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, गरजेप्रमाणे ६ ते ८ तासांनी, वरिष्ठांच्या सल्ल्याने द्यावे. इन्सुलिनची मोठी मात्रा गेलेली असल्यास पोटॅशियमही तपासावे.

या टप्प्यावर घरच्यांचा दबाव सुरू होतो. 'बोलतंय की आता, कशाला ठेवताय, गुरांचं कोण बघणार?' हा प्रश्न त्यांच्या बाजूने अगदी रास्त असतो. 'गोळीचा अंमल उद्या सकाळपर्यंत राहणार आहे आणि रात्री झोपेत साखर पुन्हा उतरली तर तुम्हाला कळणार नाही,' असे सरळ सांगावे. तरीही न्यायचेच असेल, तर धोका समजावून सांगितल्याची नोंद व सही घ्यावी, त्या गटातील गोळी थांबवण्याचे लेखी सांगावे, आणि रात्री दोनदा उठवून पाहणारा माणूस घरात कोण आहे, त्याचे नाव विचारून घ्यावे.

११. पुढे पाठवताना आणि घरी सोडताना

कोयनेच्या खोऱ्यातून कराडला किंवा जतहून मिरजेला यायला तासाहून अधिक वेळ जातो. १०८ च्या गाडीत रुग्ण चढवताना १० टक्के डेक्स्ट्रोज चालू असावे, साधे सलाईन नव्हे. सोबत ग्लुकोमीटर आणि जादा बाटली असावी, आणि वाटेत निदान एकदा साखर तपासावी. संदर्भपत्रात सापडलेला पहिला आकडा व त्याची वेळ, दिलेले डेक्स्ट्रोज टक्के आणि मि.लि. दोन्ही लिहून, त्यानंतरचा आकडा, शेवटची गोळी किंवा इन्सुलिन कधी व किती, आणि शेवटचे जेवण कधी, एवढे असलेच पाहिजे. 'शुगर लो होती, डेक्स्ट्रोज दिले' एवढ्या ओळीवरून पुढच्या डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही. सरकारी आरोग्य योजनेसाठी लागणारे रेशन कार्ड आणि आधार कार्ड घ्यायला घरच्यांना आठवण करावी, पण त्यासाठी गाडी थांबवू नये.

घरी सोडताना औषधांची नवी यादी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्यावी आणि बंद केलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीतून वेगळ्या काढून नातेवाइकांच्या हातात द्याव्यात. फक्त 'ही घेऊ नका' म्हटले, तर ती स्ट्रिप पुन्हा डब्यात जाते. थरथर आणि घाम सुटल्यावर काय द्यायचे, बेशुद्ध पडल्यास तोंडात काही न घालता १०८ ला फोन करायचा, उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारायचे, आणि मात्रा पुन्हा ठरेपर्यंत दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवायचा नाही, हे रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसाला सांगावे. रुग्णाला एकट्याला सांगून उपयोग नाही, कारण त्या क्षणी त्यालाच काही सुचत नसते. खिशात ग्लुकोजची पुडी आणि मधुमेह असल्याची चिठ्ठी ठेवायला सांगावी. आठवड्याच्या आत साखरेच्या वहीसह आणि इन्सुलिन असल्यास सिरिंजसह पुन्हा यायची तारीख केसपेपरवर लिहून द्यावी.